संगणकाच्या साहाय्याने स्थापत्य-आरेखन: विद्यार्थ्यांसाठी एक प्राथमिक पाठ

१. प्रास्ताविक

बंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजातून १८८१ साली बी. ए. झालेला एक तरुण स्थापत्यशास्त्र शिकण्यासाठी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आला. १८८३ साली तेथील परीक्षा तो उत्तम रीतीने उत्तीर्ण झाला व पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून रुजू झाला. नाशिक, खानदेश व पुणे ह्या भागांत त्याने पुष्कळ वर्षे काम केले. हा तरुण म्हणजे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. खडकवासल्याच्या धरणावर १९०३ साली बसविण्यात आलेली स्वयंचलित दारे ही त्यांचीच योजना होय. पुढे ते म्हैसूर संस्थानचे मुख्य अभियंता व नंतर दिवाण झाले आणि १९१७ साली बंगळुरूस सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. त्या महाविद्यालयास आज त्यांचेच नाव आहे. आणि १९९८ साली बेळगाव येथे मुख्यालय असलेले जे तांत्रिक विद्यापीठ कर्नाटकात स्थापन झाले, तेही त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

विश्वेश्वरय्यांच्या पिढीचा विद्यार्थी लाकडी फळ्यावर कागद ताणून बसवी, टी-स्क्वेअर व गुण्या लावून पेन्सिलीने रेषा काढी आणि मग ट्रेसिंगच्या कापडावर काळ्या शाईने त्या गिरवी. शाईचा एक थेंब सांडला तर दोन दिवसांचे काम वाया जाई. आज बंगळुरूतील स्थापत्य शाखेचा विद्यार्थी संगणकासमोर बसतो. घराचा नकाशा तो ऑटोकॅडवर काढतो आणि इमारतीच्या सांगाड्याचे गणित स्टॅड किंवा ईटॅब्स ह्या आज्ञावलींवर सोडवितो. चुकलेली रेषा एका कळीने पुसली जाते. जे गणित हाताने करण्यास आठवडे लागले असते, त्याचे उत्तर काही क्षणांत पडद्यावर येते.

ही सोय मोठी आहे ह्यात शंका नाही. तथापि ह्या सोयीबरोबर एक धोकाही आला आहे. फळ्यावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याचा हात सावकाश चाले, त्यामुळे त्याच्या विचारास वेळ मिळे. यंत्राचे उत्तर विचाराच्या आधीच हाती पडते, व ते सुबक छापलेले असल्यामुळे खरेच वाटते. म्हणून साधने कशी शिकावीत ह्याबरोबरच त्यांच्या उत्तरांची परीक्षा कशी करावी, हाही ह्या पाठाचा विषय आहे. पारिभाषिक शब्द शक्य तेथे मराठी योजले आहेत. परंतु प्रयोगशाळेत व बांधकामावर ज्या शब्दांवाचून अडते, ते रूढ शब्द तसेच ठेवले आहेत.

२. संगणक रेषा कशी काढतो

कागदावरील रेषा म्हणजे शाईची खूण. संगणकाच्या दृष्टीने रेषा म्हणजे तिच्या दोन टोकांचे सहनिर्देशक. एका टोकाचे आरंभबिंदूपासून आडवे व उभे अंतर, तसेच दुसऱ्या टोकाचे, एवढे चार आकडे यंत्राच्या स्मृतीत असले की रेषा झाली; पडद्यावर दिसते ते त्या आकड्यांचे केवळ चित्र होय. वर्तुळ म्हणजे मध्यबिंदू व त्रिज्या. ही गोष्ट विद्यार्थ्याने पहिल्याच दिवशी मनात ठसवून घ्यावी, कारण पुढील सर्व नियम हिच्यातूनच निघतात.

ह्या कल्पनेचा उगम अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेत झाला. तेथे आयव्हन सदरलँड ह्या संशोधकाने १९६३ साली 'स्केचपॅड' नावाची आज्ञावली सादर केली. टीएक्स-२ ह्या संगणकाच्या पडद्यावर प्रकाश-लेखणी टेकवून तीत आकृती काढता येत असे, आणि दोन रेषा समांतर राहाव्यात किंवा दोन लांबी समान असाव्यात असे बंधनही घालता येत असे. पुलाच्या सांगाड्याची आकृती काढून तीवर भार दिल्यास घटकांत कोणते बल येते, हे दाखविण्याचा प्रयोगही सदरलँडने केला होता. म्हणजे आरेखन व गणित ह्यांची जोडी ह्या विद्येच्या जन्मापासूनच आहे. पुढे १९८२ च्या अखेरीस ऑटोकॅड बाजारात आले आणि लहान संगणकावर आरेखन करणे सामान्य कार्यालयांना परवडू लागले.

३. पहिला धडा: तीस-चाळीसचा भूखंड

बंगळुरूत घराच्या जागेची गोष्ट निघाली की 'तीस-चाळीस' हा शब्द हमखास कानी पडतो. ३० फूट रुंद व ४० फूट लांब असा भूखंड तेथील वसाहतींत नित्याचा आहे. आपण त्याचाच नकाशा काढावयास घेऊ.

येथे पहिलीच अडचण उभी राहते ती एककांची. जागेचे माप फुटांत, नकाशाची मापे मिलिमीटरांत आणि सांगाड्याचे गणित मीटरांत, अशा तीन भाषा एकाच कामात नांदतात. संगणकास ह्यांपैकी एकही भाषा आपोआप कळत नाही. त्यास केवळ आकडा कळतो. म्हणून रेषा काढण्यापूर्वी एकक निश्चित करावे व कामाच्या अखेरपर्यंत ते बदलू नये. एक फूट म्हणजे ३०४.८ मिलिमीटर, तेव्हा आपला भूखंड ९१४४ मि.मी. रुंद व १२१९२ मि.मी. लांब होतो.

दुसरा नियम असा की, संगणकावर नकाशा नेहमी खऱ्या मापाने काढावा. फळ्यावर कागद लहान असल्याने प्रमाण आधी ठरवावे लागे. संगणकाच्या स्मृतीत जागेची वाण नाही, म्हणून ९१४४ मि.मी. ची बाजू ९१४४ एवढीच काढावी आणि प्रमाणाचा विचार छपाईच्या वेळी करावा. एकास शंभर ह्या प्रमाणात ती बाजू कागदावर ९१.४ मि.मी. उमटेल, एकास पन्नासमध्ये ती दुप्पट होईल. मूळ रेखाटनास धक्का न लावता दोन्ही छाप काढता येतात.

आता समजा, चारही बाजूंनी एक-एक मीटर जागा मोकळी सोडावयाची आहे. (प्रत्यक्षात किती सोडावी हे स्थानिक नियमांवरून ठरते; येथे केवळ उदाहरणासाठी हा आकडा घेतला आहे.) भूखंडाच्या चौकटीस 'ऑफसेट' ही आज्ञा देऊन आत एक हजार मि.मी. अंतरावर दुसरी चौकट काढावी. ही घराची बाहेरची कड झाली. तिचे माप ७१४४ गुणिले १०१९२ मि.मी. भरते. तीच आज्ञा पुन्हा देऊन २३० मि.मी. आत तिसरी चौकट काढली की नऊ इंची भिंतीची आतली कड मिळते. दार-खिडक्यांच्या ठिकाणी भिंतीच्या रेषा 'ट्रिम' ह्या आज्ञेने छाटाव्यात.

येथे क्षणभर थांबून एक पडताळा घ्यावा. भूखंडाचे क्षेत्रफळ यंत्रास विचारावे. उत्तर सुमारे १११.५ चौरस मीटर आले पाहिजे, कारण १२०० चौरस फुटांचे तेवढेच होतात. न आल्यास एककात किंवा एखाद्या कोपऱ्यात चूक आहे असे समजावे व पुढे जाऊ नये. ही सवय लहान आहे, परंतु पुढे मोठ्या कामात हीच उपयोगी पडते.

४. स्तर, ठोकळे व मापे

फळ्यावरील जुन्या कामात एकाच नकाशावर पारदर्शक कागद ठेवून कोणी नळ, कोणी वीज, कोणी खांब दाखवीत. संगणकावर ह्याच युक्तीस 'लेयर' म्हणतात. आपण त्यास स्तर म्हणू. भिंती एका स्तरावर, खांब दुसऱ्यावर, दारे-खिडक्या तिसऱ्यावर, मापे चौथ्यावर अशी विभागणी आरंभीच करावी. मग सळया बांधणाऱ्यास खांब व तुळया तेवढ्या दाखवून बाकीचे स्तर बंद करता येतात. सर्व रेषा एकाच स्तरावर काढून ठेवणारा विद्यार्थी पहिल्या दिवशी वेळ वाचवितो व नंतर आठवडाभर तो खर्च करतो.

एकच दार दहा ठिकाणी लागत असेल, तर ते एकदा काढून त्याचा ठोकळा, म्हणजे 'ब्लॉक', करावा व हवा तेथे बसवावा. दाराची रुंदी बदलली तर मूळ ठोकळा दुरुस्त केला की दहाही दारे बदलतात. मापांची गोष्ट मात्र नीट ध्यानात घ्यावी. माप दाखविणाऱ्या रेषेवरील आकडा यंत्र स्वतः मोजून लिहिते. काही विद्यार्थी रेषा चुकलेली असतानाही आकड्यावर दुसरा आकडा टंकून 'दुरुस्ती' करतात. कागद ठीक दिसतो, परंतु आता आकृती एक सांगते व अक्षर दुसरे. ह्या नकाशावरून पुढे खांबांची आखणी कोणी आकड्यावरून केली व कोणी रेषेवरून केली, तर एकाच घराचे दोन आराखडे तयार होतात. माप चुकले असेल तर रेषा दुरुस्त करावी. आकडा आपोआप सुधारेल.

ह्याच्या पुढची पायरी म्हणजे 'बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग', संक्षेपाने बिम. रेव्हिट ही त्या जातीची आज्ञावली होय. तीत दोन समांतर रेषा काढून भिंत होत नाही. 'भिंत' हीच वस्तू ठेवावी लागते आणि तिला जाडी, उंची व सामग्री असते. त्यामुळे प्लॅन, दर्शनी व छेद ही तिन्ही चित्रे एकाच प्रतिकृतीतून निघतात आणि विटांचे वा काँक्रीटचे परिमाणही काढता येते. ज्याने छेदाचे चित्र हाताने एकदाही काढलेले नाही, त्यास मात्र यंत्राने काढलेल्या छेदात जिन्याखाली डोके आपटते आहे हे दिसत नाही. म्हणून बिम शिकण्यापूर्वी साध्या आरेखनाचा सराव अवश्य करावा.

५. गणिताचे यंत्र

आता आरेखनाकडून बळाच्या गणिताकडे वळू. अनेक मजली चौकटीत तुळया व खांब एकमेकांस घट्ट जोडलेले असतात. एक वाकला की शेजारचाही वळतो. १९३० साली हार्डी क्रॉस ह्यांनी अशा चौकटी हाताने सोडविण्याची परिबल-वाटपाची पद्धत प्रसिद्ध केली आणि पुढील पिढ्यांतील अभियंत्यांनी तीवर विसंबून इमारती उभारल्या. संगणकाची रीत वेगळी आहे. तो प्रत्येक सांध्याचे सरकणे व वळणे अज्ञात धरतो. त्रिमितीत अशी सहा अज्ञाते प्रत्येक सांध्यास असतात. दहा मजले व दर मजल्यावर वीस सांधे धरले तर २०० सांधे व १२०० समीकरणे झाली. ती एकसमयावच्छेदेकरून सोडविणे हे माणसाच्या हातचे काम नव्हे. संगणकास ते सहज साधते.

परंतु ही समीकरणे ज्या गृहीतांवर उभी असतात, ती गृहीते विद्यार्थीच पुरवितो. हे पटण्यासाठी आपल्या घरातील एक तुळई घेऊ. दोन खांबांच्या मध्यांमधील अंतर, म्हणजे गाळा, ६ मीटर आहे. तुळईच्या दोन्ही बाजूंस २.८ मीटर रुंदीच्या स्लॅब आहेत. गाळा रुंदीच्या दुपटीहून अधिक असल्याने स्लॅब आपला भार मुख्यतः तुळईवरच टाकते, आणि प्रत्येक बाजूची निम्मी, म्हणजे एकूण २.८ मीटर रुंदीची स्लॅब तुळईच्या वाट्यास येते.

स्लॅब १२५ मि.मी. जाडीची आहे. प्रबलित काँक्रीटचे वजन दर घनमीटरास २५ किलोन्यूटन धरले, तर स्लॅबचे वजन दर चौरस मीटरास ३.१२५ किलोन्यूटन होते. फरशीसाठी १ व राहत्या खोलीतील माणसे-सामानासाठी भारतीय मानक ८७५ प्रमाणे २ मिळविले की बेरीज ६.१२५ होते. ह्यास २.८ ने गुणिले असता दर मीटरास १७.१५ किलोन्यूटन भार मिळतो. तुळई २३० मि.मी. रुंद व ५०० मि.मी. खोल आहे, स्लॅबखालील ३७५ मि.मी. भागाचे वजन दर मीटरास २.१६ किलोन्यूटन होते. सारा भार दर मीटरास १९.३१ किलोन्यूटन झाला.

तुळई दोन्ही टोकांस नुसती टेकलेली आहे असे मानल्यास गाळ्याच्या मध्यावरील नमन परिबल, ज्यास बांधकामावर 'बेंडिंग मोमेंट' म्हणतात, ते भार गुणिले गाळ्याचा वर्ग भागिले आठ, म्हणजे ८६.९ किलोन्यूटन-मीटर येते. आता आज्ञावलीत टोकांची निवड 'टेकलेले' ऐवजी 'पूर्ण जखडलेले' अशी करा. भार तोच, तुळई तीच. परंतु मध्यावरील परिबल आठाऐवजी चोविसाने भागून मिळते, म्हणजे केवळ २९.० राहते. उरलेले ५७.९ दोन्ही टोकांशी उलट दिशेने जाते. मध्यावरील सळया आता जवळजवळ एक-तृतीयांश पुरतील असे यंत्र सांगेल.

दोन्ही उत्तरे गणिताने अचूक आहेत. खरी तुळई ह्या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असते, आणि ती कोठे आहे हे खांबांच्या ताठपणावर व सळया सांध्यात किती आतवर नेल्या आहेत ह्यावर अवलंबून राहते. जर विद्यार्थ्याने 'जखडलेले' निवडून मध्यावर थोड्या सळया दिल्या, आणि बांधणाऱ्याने टोकाच्या वरच्या सळया खांबात पुरेशा नेल्या नाहीत, तर टोके वळतील व मध्य तडकेल. पडद्यावर ही चूक कोठेही लाल अक्षरांत उमटत नाही.

येथून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. मीटराच्या जागी मिलिमीटर भरण्यासारखी मोठी चूक सहसा पकडली जाते, कारण उत्तर हास्यास्पद येते. तुळईचे स्वतःचे वजन विसरणे, ही मात्र आपल्या उदाहरणात केवळ अकरा टक्क्यांची चूक आहे. उत्तर शहाण्यासारखे दिसते व कोणाच्या लक्षात येत नाही. विद्यार्थ्याने भय बाळगावे ते अशा शहाण्या दिसणाऱ्या चुकांचे.

६. दोन दुर्घटना

अशा चुका पाठ्यपुस्तकातच राहतात असे कोणी समजू नये. अमेरिकेतील हार्टफर्ड शहराच्या क्रीडागाराचे छत १८ जानेवारी १९७८ च्या पहाटे बर्फाच्या भाराखाली कोसळले. हे छत सुमारे ३०० फूट गुणिले ३६० फूट मापाचा पोलादी दांड्यांचा त्रिमितीय सांगाडा होते व त्याचे गणित संगणकावर करण्यात आले होते. काही तासांपूर्वीच तेथे बास्केटबॉलचा सामना होऊन सुमारे पाच हजार प्रेक्षक घरी गेले होते. त्यामुळे जीवितहानी झाली नाही. गणितात वरच्या दांड्यांना मध्यावर आडवा आधार आहे असे धरलेले होते. प्रत्यक्ष जोडणी वेगळ्या प्रकारची असल्याने तो आधार पुरेसा मिळत नव्हता. विशेष ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, उभारणीच्या वेळीच छताचा झोल गणिताने सांगितलेल्यापेक्षा सुमारे दुप्पट मोजला गेला होता. इमारतीने इशारा दिला होता. परंतु यंत्राच्या आकड्यावरील विश्वास त्याहून मोठा ठरला.

दुसरी घटना नॉर्वेतील. समुद्रातील वायूच्या उत्पादनासाठी बांधलेला 'स्लाइप्नर अ' नावाचा काँक्रीटचा प्रचंड तळ २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्टाव्हांगर शहराजवळच्या खाडीत चाचणीसाठी पाण्यात उतरविला जात असताना फुटला व बुडाला. त्याचे गणित सांत घटक पद्धतीने केले होते. ह्या पद्धतीत घन वस्तूचे लहान लहान तुकडे कल्पून प्रत्येकाचे समीकरण मांडतात. जेथे तीन भिंती एकत्र येतात तेथे तुकडे पुरेसे बारीक व योग्य आकाराचे घेतले गेले नव्हते. परिणामी भिंतीतील कर्तन-प्रतिबल ४७ टक्क्यांनी कमी मोजले गेले. सुमारे ७० कोटी डॉलर्सचे नुकसान झाले. नंतर अधिक काळजीने केलेल्या गणिताने ही भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल असे सांगितले. ती प्रत्यक्षात ६५ मीटरांवर फुटली. म्हणजे पद्धत समर्थ होती. तुकडे पाडणाऱ्या माणसाचे लक्ष कमी पडले.

७. पडताळ्याचे नियम

वरील विवेचनावरून विद्यार्थ्याने पुढील नियम आपल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत.

(१) यंत्र सुरू करण्यापूर्वी कागदावर हाताने आकृती काढावी व उत्तराचा अंदाज लिहावा. अंदाज व उत्तर ह्यांत मोठी तफावत पडल्यास कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नये.

(२) समतोल पाहावा. आपल्या तुळईवर एकूण भार १९.३१ गुणिले ६, म्हणजे ११५.९ किलोन्यूटन आहे. दोन्ही आधारांच्या प्रतिक्रियांची बेरीज तितकीच आली पाहिजे. न आल्यास एखादा भार दोनदा दिला गेला आहे किंवा राहून गेला आहे.

(३) वाकलेल्या आकाराचे चित्र पाहावे. जखडलेले टोक वळलेले दिसले, किंवा वरून भार असलेली तुळई वर उचललेली दिसली, तर आधार वा भाराची दिशा चुकली आहे.

(४) सममित इमारत व सममित भार असेल तर डाव्या-उजव्या बाजूंची उत्तरे सारखी यावीत. साध्या गणितात भार दुप्पट केल्यास परिबलही दुप्पट झाले पाहिजे.

(५) भरलेली माहिती छापून घ्यावी आणि ती दुसऱ्याने वाचावी. स्वतःची चूक स्वतःच्या डोळ्यास क्वचितच दिसते.

(६) सांत घटकांच्या गणितात तुकडे निम्म्या आकाराचे करून पुन्हा उत्तर काढावे. उत्तर फार बदलले, तर पहिले तुकडे फार मोठे होते असे समजावे.

(७) बांधकामावर जाऊन मोजावे. झोल, तडा किंवा माप गणिताशी जुळत नसेल, तर आधी गणितावर संशय घ्यावा.

८. जे यंत्रास दिसत नाही

संगणकास जमीन दिसत नाही. आज्ञावलीत खांबाच्या तळाशी एक खूण ठेवली की तळ अचल आहे असे यंत्र धरून चालते. बंगळुरूच्या पुष्कळ भागांत थोड्या खोलीवर नाइस जातीचा जुना, कठीण खडक लागतो, तेथे हे गृहीत बरेचसे चालते. परंतु ह्याच शहरात जुनी तळी बुजवून केलेल्या जागाही आहेत. मॅजेस्टिक भागातील केंपेगौडा बसस्थानक धर्मांबुधी तळ्याच्या जागेवर उभे आहे, आणि कंठीरव क्रीडांगण संपंगी तळ्याच्या. अशा जागी भराव किती जाड आहे व त्याखाली काय आहे, हे भोक पाडून पाहिल्यावाचून कळत नाही. दोन भूखंडांचे नकाशे पडद्यावर तंतोतंत सारखे असू शकतील. एकाचा पाया खडकावर व दुसऱ्याचा गाळावर असू शकेल. आज्ञावली दोहोंना एकच उत्तर देईल.

तसेच संगणकास गवंडी दिसत नाही. तुळई व खांब ह्यांच्या सांध्यात आठ सळ्या काढणे पडद्यावर सोपे असते. त्यांच्या फटींतून काँक्रीट खाली उतरेल का, हा विचार आरेखकानेच करावयाचा असतो. विद्यार्थ्याने सुटीत एक महिना एखाद्या बांधकामावर उभे राहून सळया बांधताना व काँक्रीट ओतताना पाहावे. त्यानंतर त्याचे नकाशे निश्चितपणे वेगळे होतात.

९. कोणती साधने शिकावीत

आरंभी एक आरेखनाची, एक सांगाड्याच्या गणिताची व एक कोष्टकांची अशा तीन आज्ञावली पुरेत. कोष्टकाच्या आज्ञावलीत वरील तुळईचे गणित स्वतः मांडणे हा उत्तम अभ्यास होय, कारण तेथे सूत्र आपणच लिहावे लागते. विकत घ्यावयाच्या आज्ञावली महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मिळतात. घरी सरावासाठी विनामूल्य साधनेही उपलब्ध आहेत. द्विमितीय आरेखनासाठी लिब्रेकॅड, त्रिमितीसाठी फ्रीकॅड, भूनकाशांसाठी क्यूजीआयएस ही त्यांतली काही. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील फॉसी प्रकल्पात तयार झालेली 'ओस्डॅग' ही आज्ञावली पोलादी बांधकामाच्या भारतीय मानक ८०० : २००७ प्रमाणे जोडण्यांचा व घटकांचा आराखडा करते व तो चित्रासह दाखविते. तिचा मूळ मजकूर सर्वांस खुला असल्यामुळे गणित आत कसे चालते हेही जिज्ञासूस पाहता येते.

आज्ञावलींची नावे व आज्ञा काळाप्रमाणे बदलतात. आज शिकलेली कळ पाच वर्षांनी निराळ्या ठिकाणी असेल. सहनिर्देशक, प्रमाण, समतोल व आधार ह्या कल्पना मात्र बदलत नाहीत. त्या ज्याने पक्क्या केल्या, त्यास नवे साधन शिकण्यास थोडे दिवस पुरतात.

१०. समारोप

नकाशाच्या कोपऱ्यात आरेखकाचे, तपासणाऱ्याचे व मान्यता देणाऱ्याचे नाव लिहिण्याची जागा असते. संगणकाच्या नावासाठी तेथे जागा नाही, व ती नसणेच योग्य आहे. तो कागद गवंड्याच्या हाती जातो, तेव्हा त्यावरील प्रत्येक रेषा ही त्यास दिलेली आज्ञा असते. तो ती जशीच्या तशी पाळतो, आणि त्या छपराखाली पुढे अनेक कुटुंबे निर्धास्त झोपतात. ती निर्धास्तता राखण्याची जबाबदारी सही करणाऱ्याची आहे.

स्वाध्याय

१. वरील भूखंडाचा नकाशा प्रथम कागदावर एकास शंभर प्रमाणात हाताने व नंतर संगणकावर काढा. दोन्हींतील कर्णाची लांबी मोजून ताडून पाहा. (उत्तर: प्रत्यक्षात १५.२४ मीटर, म्हणजे ५० फूट.)

२. पाठातील तुळईवर २३० मि.मी. जाडीची व २.७ मीटर उंचीची विटांची भिंत बांधावयाची ठरली. वीटकामाचे वजन दर घनमीटरास २० किलोन्यूटन धरून, टोके टेकलेली असताना मध्यावरील नमन परिबल काढा. (उत्तर: सुमारे १४२.८ किलोन्यूटन-मीटर.) भिंत विसरली गेली असती तर किती मोठी चूक झाली असती ते सांगा.

३. तीच तुळई आज्ञावलीत तीन प्रकारे सोडवा: टोके टेकलेली, टोके जखडलेली, आणि वर-खाली ३ मीटर उंचीच्या खांबांसह. तिसरे उत्तर पहिल्या दोहोंच्या मध्ये का येते ते आपल्या शब्दांत लिहा.

४. आपल्या गावातील चालू असलेल्या एखाद्या बांधकामावर परवानगीने जा. नकाशातील एका खांबाची जागा व माप प्रत्यक्ष मोजून फरक आढळल्यास त्याचे कारण मिस्त्रींना विचारा व टिपून ठेवा.